वडिलांचे फोटो नव्या हार्ड डिस्कवर नेताना: कट-पेस्ट नको, फॉरमॅट तर मुळीच नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी वीस वर्षं हौसेनं काढलेले फोटो तीन एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर विखुरलेत, सगळे मिळून १.६ टीबी. त्यातली सर्वांत जुनी डिस्क चालता चालता गायब होते आणि केबल हलवली की परत दिसते. म्हणून ४ टीबीची नवी आणली. आता सगळं कट-पेस्ट करून नवीवर न्यायचं, जुन्या तिन्ही फॉरमॅट करायच्या आणि त्यांच्यावर बॅकअप घ्यायचा, असा बेत आहे. वडील विंडोजच्या लॅपटॉपवर लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. आम्ही कोल्हापुरात, बहीण पुण्यात असते, तिच्याकडे मॅक आहे. हे असं करावं का?

मी कोल्हापुरात लग्नाचं आणि कारखान्यांच्या कामाचं फोटोग्राफीचं काम करतो. स्टुडिओ आधी शाहूपुरीत होता, आता राजारामपुरीत आहे. का हलवला ते पुढे येईलच, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

तुम्ही दोन वेगळी कामं एका दमात उरकायला निघालाय, घोळ तिथे आहे. फोटो हलवणं हे एक काम, फोटो जपणं हे दुसरं. हलवल्यानं कॉपी वाढत नाही, एकाची एकच राहते, फक्त पत्ता बदलतो. घर बदलताना काचेचं सामान जुन्या घरातही फुटत नाही आणि नव्यातही नाही, फुटतं ते टेम्पोत. तुमच्या बेतात सगळे फोटो एकदम टेम्पोत आहेत. आणि वर, जी डिस्क आजारी पडली म्हणून नवी आणली, तिलाच उद्यापासून राखणदार नेमताय!

जुन्या डिस्क फॉरमॅट करायची गरजच काय, हा माझा पहिला प्रश्न. नवीवर जागा भरपूर आहे. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दाखवते, त्याला घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तेवढाच तो फरक. १.६ टीबी टाकून निम्म्याहून जास्त जागा शिल्लक राहील. जुन्या डिस्कवरची रिकामी जागा तुम्हाला कशालाच लागत नाही, आणि तिच्यावर आत्ता जे आहे ते मात्र लाखमोलाचं आहे. तिन्हींवर चिकटपट्टी लावून आतला मजकूर आणि तारीख लिहा आणि ठेवून द्या. मरतील तेव्हा मरतील.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगतो. डिस्क केबलमुळे गायब होते की आतूनच गेली आहे, यावर कामाचा क्रम ठरेल. फोटो नुसते फोल्डरमध्ये आहेत की लाइटरूममध्ये एडिट केलेले आहेत, यावर हलवण्याची पद्धत ठरेल. आणि तुमचं घर कोल्हापुरात नेमकं कुठे आहे, यावर दुसरी कॉपी कुठे ठेवायची ते ठरेल. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका.

सुरुवात आजारी डिस्कपासून. आधी केबल बघा. त्या काळातल्या पोर्टेबल डिस्कना एक चपटी, रुंद पिन येते. नीट पाहिलं तर तिचे दोन भाग दिसतात, एक मोठा आणि त्याला चिकटून एक लहान. ही पिन बॅगेत कोंबून कोंबून सैल होते. अर्धवट बसली तर डिस्क कधी यूएसबी २ च्या वेगानं रांगते, कधी मध्येच तुटते, आणि लोक म्हणतात डिस्क गेली. माझ्याकडे येणाऱ्या 'गेलेल्या' डिस्कमधल्या कितीतरी नव्या केबलवर सुरळीत चालल्या आहेत. केबल बदला, हब काढून टाका, लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा. पिन बसवल्यावर डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि काम संपेपर्यंत तिला हात लावू नका.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती यात वाचता येते. 'गुड' असेल तर ठीक. 'कॉशन' असेल तर खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कनं खराब म्हणून सोडून दिलेले आणि राखीव जागेवर हलवलेले भाग. सी५ म्हणजे सध्या वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले भाग. मला भीती वाटते ती सी५ ची, कारण त्या ठिकाणी कोणता तरी फोटो अडकलेला असू शकतो.

सी५ शून्य नसेल तर सगळी डिस्क एका झटक्यात कॉपी करायला जाऊ नका. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी काढा. आजीचे फोटो, बहिणीचं लग्न, वडिलांना स्वतःला आवडणारे चार फोल्डर. रंकाळ्यावरचे दोन हजार सूर्यास्त मागाहून. विंडोज मध्येच 'डिस्क फॉरमॅट करायची का' किंवा 'स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारेल. दोन्हीला नाही म्हणा. दुरुस्ती म्हणजे त्याच डिस्कवर लिहिणं, आणि आजारी डिस्कवर काही लिहायचं नसतं. टक्-टक् असा ठेक्यात आवाज येत असेल तर त्या क्षणी केबल काढा. मग हे तुमचं-माझं काम राहत नाही, डाटा रिकव्हरीवाल्याचं होतं. फ्रीजमध्ये ठेवा, हलकेच आपटा, असले उपाय सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

डिस्क ठीक निघाली तर कॉपी सुरू करायची. कॉपी, कट नव्हे. कट-पेस्टमध्ये विंडोज एकेक फाइल नवीकडे नेतं आणि जुनीकडची पुसतं. मध्ये केबल हलली तर निम्मे फोटो इकडे, निम्मे तिकडे, आणि कुठवर आलो होतो ते कळत नाही. पण त्याहून वाईट म्हणजे एखादी फाइल नवीकडे बिघडलेली उतरली, तर ताडून बघायला मूळ फाइल उरलेलीच नसते. फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी झालेला तुम्ही कधी पाहिला असेल. तो सहा महिन्यांनी दिसतो, त्याच दिवशी नाही.

साध्या कॉपी-पेस्टपेक्षा टेराकॉपी किंवा फ्रीफाइलसिंक ही कॉपी करायची सॉफ्टवेअर वापरा. टेराकॉपीत कॉपी झाल्यावर पडताळणीची सोय आहे, ती चालू करा. फ्रीफाइलसिंकमध्ये दोन्हीकडच्या फाइल आतल्या मजकुरासह ताडून पाहता येतात. वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू दे. फ्रीफाइलसिंकबद्दल एक सावधगिरी: त्यात 'मिरर' नावाचा पर्याय आहे. उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करणं हे त्याचं काम. घाईत नवी रिकामी डिस्क डावीकडे आणि फोटोंची उजवीकडे निवडली, तर तो इमानदारीनं फोटोंची डिस्क रिकामी करेल. पहिल्यांदा 'अपडेट' वापरा, आणि बटण दाबण्याआधी बाणांची दिशा बोट ठेवून मोठ्यानं वाचा. मी आजही वाचतो, स्टुडिओतली पोरं हसतात.

वेळेचा हिशेब असा. केबल आणि पोर्ट यूएसबी ३ चं असेल तर अशा डिस्कला सेकंदाला सरासरी १०० एमबी धरा, म्हणजे १.६ टीबीला साडेचार तासांच्या आसपास. यूएसबी २ वर ३० एमबी धरले तर पंधरा तास. लहान-लहान जेपेग खूप असतील तर यापेक्षा जास्त. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप बंद करा आणि झाकण उघडं ठेवा. पोर्टेबल डिस्क लॅपटॉपवरच चालते, त्यामुळे लाइट गेली तरी काम थांबत नाही. वेगळा अ‍ॅडॅप्टर लागणारी मोठी डिस्क असेल तर मात्र यूपीएस लागेल. पावसाळ्यात संध्याकाळी असलं काम काढूच नका.

नवी डिस्क कोणत्या पद्धतीनं फॉरमॅट करायची, हेही आत्ताच ठरवा, कारण नंतर बदलायचं तर सगळं उतरवावं लागतं. बरेच लोक सांगतील एक्सफॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालते. खरं आहे. पण एक्सफॅटमध्ये लिहिण्याची नोंदवही नसते. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर सगळ्या फोल्डरांची यादीच बिघडण्याचा धोका जास्त. विंडोजच्या स्वतःच्या एनटीएफएस पद्धतीत तशी नोंदवही असते. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. बहिणीला फोटो नुसते बघायचे आणि घ्यायचे असतील तर हा तोटा नसून सोयच आहे, चुकून काही पुसलं जायला नको. मी तुमच्या जागी एनटीएफएस घेतलं असतं. बहीणही त्यात फोटो टाकणार असेल तर एक्सफॅट घ्या आणि प्रत्येक वेळी नीट 'इजेक्ट' करायची सवय दोघांनीही लावून घ्या.

नव्या डिस्कवर तीन फोल्डर करा, जुन्या तीन डिस्कच्या नावाचे, आणि आतली रचना आहे तशीच उतरवा. त्या रात्री डुप्लिकेट शोधू नका, नावं बदलू नका, 'न्यू फोल्डर (७)' बघून हात शिवशिवले तरी. आवराआवर दुसरी कॉपी तयार झाल्यावर. तेव्हा नावाच्या सुरुवातीला तारीख घाला, वर्ष-महिना-दिवस अशी: '२०१९-०४-१९ जोतिबा यात्रा'. मग फोल्डर आपोआप काळाच्या क्रमानं लागतात आणि कोणत्या वर्षीचा गुलाल ते वडिलांना विचारावं लागत नाही. फाइलच्या बाहेरची तारीख कॉपी करताना बदललेली दिसली तर काळजी नको, फोटो काढल्याची तारीख कॅमेऱ्यानं फाइलच्या आत लिहिलेली असते.

लाइटरूमकडे वेगळं लक्ष द्या. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो नसतात, फोटोंचा पत्ता आणि त्यांवर केलेल्या एडिटची नोंद असते. ही नोंद म्हणजे कॅटलॉग, आणि तो बहुतेक लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच असतो. म्हणजे तीन एक्स्टर्नल डिस्क जिवापाड जपल्या आणि लॅपटॉप गेला, तर वडिलांची वीस वर्षांची एडिटिंगची मेहनत गेली. उलट बाजूही तेवढीच फसवी. बंद करताना लाइटरूम 'बॅकअप घेऊ का' विचारतं, आपण हो म्हणतो आणि निर्धास्त होतो. तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, त्यात एकही फोटो नसतो. जुने-जाणते फोटोग्राफरही यात फसलेले मी पाहिलेत. कॅटलॉगचा फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी करा, पण काम मात्र लॅपटॉपवरच्याच कॅटलॉगवर चालू ठेवा.

कॉपी झाल्यावर जुन्या डिस्क काढल्या की लाइटरूममध्ये फोल्डरांवर प्रश्नचिन्हं येतील. घाबरून पुन्हा इम्पोर्ट करू नका, एडिट नसलेली दुसरी वरात उभी राहील. सगळ्यांत वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' घ्या आणि नवी जागा दाखवा. आतली रचना तीच ठेवली असेल तर खालचे सगळे फोल्डर आपोआप जागेवर बसतात. म्हणून वर रचना बदलू नका म्हटलं.

इथवर हलवणं झालं. जपणं अजून सुरूही झालेलं नाही.

त्यासाठी आणखी एक ४ टीबीची डिस्क घ्यावी लागेल. खर्च आहे, मान्य. शक्यतो दुसऱ्या कंपनीची घ्या, निदान दुसऱ्या वेळी घ्या, म्हणजे एकाच खेपेतल्या दोन डिस्क एकाच दोषानं जाणार नाहीत. एसएसडी वेगवान असते, पण कपाटात वर्षानुवर्षं बिनविजेची पडून राहणं हे तिचं काम नाही, तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. साठवणीला फिरणारी डिस्कच स्वस्त आणि बरी. फोटोग्राफरांमध्ये '३-२-१' नावाचा नियम चालतो, पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं तो रुळवला: तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पहिले दोन आकडे लोक पाळतात. तिसरा मीही पाळला नव्हता.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. माझ्याकडे सगळ्या कामाच्या दोन-दोन कॉपी होत्या, आणि दोन्ही शाहूपुरीतल्या दुकानात एकाच लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. २००५ ला पाणी आमच्या पायरीशी थांबलं होतं, म्हणून या वेळी कॅमेरे आणि लाइट तेवढे माळ्यावर चढवले. डिस्क राहिल्या, कारण कपाटाला कुलूप होतं! पाणी ओसरल्यावर ते कुलूप उघडेना, भोकात गाळ बसला होता. कप्पा ओढला तर आधी पाणीच सांडलं, मग चॉकलेटी चिखलात दोन डिस्क, एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं 'बॅकअप'.

मग मी दोन चुका केल्या, एकेका डिस्कवर एकेक. पहिली पुसून लगेच लॅपटॉपला लावली. दुसरी ओल्या अल्बमच्या शेजारी पत्र्यावर उन्हात वाळत घातली. अशा डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. ओली असताना वीज दिली तर सर्किट जळतं आणि तबकडी ओरबाडते. वाळवली तर गाळ तबकडीवर पापडासारखा चिकटतो. हायवे सुरू झाल्यावर पुण्याला रिकव्हरीवाल्याकडे गेलो. त्यानं डिस्क हातात घ्यायच्या आधी विचारलं, "वाळवली का?" ओली डिस्क आहे तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आणायची असते, हे तेव्हा कळलं. अकरा लग्नांच्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल, गेल्या. दहांचे अल्बम पोचले होते. अकरावं लग्न जुलैतलं होतं, अल्बम छापायचा बाकी. पाहुण्यांच्या मोबाइलमधून फोटो गोळा करून तो बनवला आणि पैसे घेतले नाहीत. वधूच्या आईनं त्याला नाव ठेवलं नाही, त्याचंच जास्त लागलं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तोवर मी राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर होतो.

म्हणून घराचा पत्ता महत्त्वाचा. गंगावेस, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वरच्या बाजूला किंवा शाहूपुरीच्या सखल भागात राहत असाल तर दुसरी कॉपी त्याच घराच्या वरच्या मजल्यावर ठेवून भागणार नाही, कारण पाणी आलं की तुम्ही निघता आणि डिस्क मागे राहते. शिवाय चोरी आणि आग मजला बघत नाहीत. तुमच्याकडे तर आयता उपाय आहे. बहीण. दुसरी डिस्क भरून पडताळली की पुण्याला धाडा. कुरिअरनं नको, कुणाच्या तरी हातानं, कपड्यात गुंडाळून. ती दिवाळीला आली की घेऊन येईल, वर्षभराचे नवे फोटो भरायचे आणि परत न्यायची. घरातली डिस्कही सतत लॅपटॉपला लावून ठेवू नका. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्कवर चालतो, ड्रॉवरमधल्या डिस्कपर्यंत त्याचा हात जात नाही.

क्लाउडचं विचाराल तर एवढ्या डाटासाठी तो मी पहिला उपाय म्हणून सांगत नाही. २० एमबीपीएस अपलोडला १.६ टीबी चढवायला रात्रंदिवस साडेसात दिवस लागतात. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, फुकट मिळतात ते १५ जीबी. शिवाय मोबाइलवर पुसलं की तिकडेही पुसलं जातं, म्हणजे तो आरसा झाला, बॅकअप नाही. पण वडिलांना बसवून त्यांच्याकडून पाचशे फोटो निवडून घ्या आणि तेवढे जरूर चढवा. त्या निमित्तानं कोण कोणाच्या शेजारी उभं आहे तेही लिहून घ्या, ते कुठल्याच डिस्कवर नाही.

तर क्रम परत एकदा: केबल बदलून तब्येत बघणं, जपायचं आधी काढणं, नवीवर कॉपी आणि पडताळणी, लाइटरूमचे पत्ते जुळवणं, दुसऱ्या ४ टीबीवर तेच, ती पुण्याला, आणि जुन्या तिन्ही न पुसता कपाटात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आपल्याकडची जूनपासूनची दमट हवा लेन्सला बुरशी आणते तशी डिस्कच्या पिनांनाही गंज चढवते.

कपाटातल्या डिस्क वर्षातून दोनदा तरी लावून फिरवायच्या असतात. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून मी ती सणांना बांधली आहे. खंडेनवमीला स्टुडिओत कॅमेऱ्यांची पूजा होते, त्याच पाटावर डिस्कही मांडतो. झेंडूचं फूल वाहून झालं की एकेक लॅपटॉपला लावायची, क्रिस्टलडिस्कइन्फो बघायचं, कुठलेही दहा-वीस फोटो पूर्ण उघडून बघायचे. पुढचा फेरा गुढीपाडव्याला.

आज रात्री एवढंच करा: केबल बदला आणि जुन्या डिस्कचा सी५ चा आकडा इथे लिहा. कॉपी अजून सुरू करू नका. आकडा शून्य नसेल तर कोणते फोल्डर आधी काढायचे ते वडिलांना विचारून ठेवा, मग पुढचं बोलू.